दही, कावळे आणि अक्षर



आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांनी शब्दार्थाची चर्चा करताना एक फार घरगुती उदाहरण योजिले आहे. धनी बाहेर जाताना गड्याला सांगतो, ‘कावळ्यांपासून दही राख.’ गडी राखणीला बसतो. कावळे येतात, त्यांना तो हाकलतो. थोड्या वेळाने कुत्रे येते आणि दह्याचे भांडे चाटूनपुसून साफ करते. गडी स्वस्थ बसून पाहतो, कारण धन्याने कुत्र्याचे नाव घेतले नव्हते.

शास्त्रकारांना एवढेच दाखवायचे होते, की येथे ‘कावळा’ या शब्दाचा अर्थ दही नासणारा कोणताही प्राणी असा घ्यावयाचा असतो. वाच्यार्थ सोडून लक्ष्यार्थाकडे जावे लागते, आणि कोणताही शहाणा गडी तिकडे आपसूक जातो. गोष्ट ऐकून आपण हसतो. परंतु मला अलीकडे त्या गड्याविषयी एक निराळी शंका येऊ लागली आहे. तो खरोखरच मूर्ख होता काय? की पूर्वी कधी तरी स्वतःच्या बुद्धीने वागल्याबद्दल त्याला बोल बसला होता, आणि आता शब्दाबाहेर पाऊल टाकायचे नाही असे त्याने ठरविले होते? मूर्खपणाला औषध नाही असे म्हणतात. भीतीचे मूळ मात्र शोधता येते. आजचे माझे बोलणे त्या मुळासंबंधी आहे.

ही शंका मला पुस्तकातून आली नाही, शाळेच्या फाटकात आली. मी शिक्षक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्या शाळेत मी होतो, तेथे फाटकाजवळच्या फळ्यावर एक नियम लिहिलेला असे: ‘प्रार्थनेनंतर येणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गात घेतले जाणार नाही.’ नियम योग्य होता. शहरातील मुले चहाच्या टपरीवर रेंगाळत आणि दुसऱ्या तासाला येत, तो प्रकार बंद व्हावा म्हणून तो केलेला. श्रावणातील एका सकाळी फाटकावर माझी पाळी होती. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. प्रार्थना आटोपली, फाटक लागले, आणि दहाएक मिनिटांनी आठवीतला एक मुलगा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला असा समोर येऊन उभा राहिला. पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेली. त्याचे गाव ओढ्यापलीकडे होते, हे मला ठाऊक होते. ओढ्यावरचा फरशीपूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातो, हेही ठाऊक होते. तो काही बोलला नाही. मी फळ्याकडे बोट दाखविले. तो फळ्याकडे पाहून परत फिरला.

त्या क्षणी मला वाईट वाटले नाही, ही गोष्ट मला नंतर फार लागली. उलट एक प्रकारचे हलकेपण वाटले होते. त्याला आत घेतले असते, तर मुख्याध्यापकांनी विचारले असते. उद्या दुसऱ्या कोणाला घेतले नाही, तर त्याच्या पालकांनी विचारले असते. ओढ्याला खरेच पाणी होते की नाही, याचा निवाडा मला करावा लागला असता. फळ्याकडे बोट दाखविताच हे सारे टळले. निर्णय मी केलाच नाही, फळ्याने केला. अक्षराला धरून बसण्यात मनाला जे सुख मिळते, त्याचा मोठा भाग हा असतो: जबाबदारी आपली राहत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 साली लहान मुलांच्या नैतिक समजुतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी ते जिनिव्हा आणि नशातेल येथील मुलांबरोबर गोट्या खेळत आणि खेळता खेळता त्यांना विचारीत, हे नियम कोणी केले? ते बदलता येतील का? सहा-सात वर्षांची मुले म्हणत, नियम मोठ्या माणसांनी केले, कोणी म्हणे देवाने केले, ते बदलता येणार नाहीत. दहा-बारा वर्षांची मुले मात्र सांगत, की सर्वांनी मिळून ठरविले तर नियम बदलता येतो. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. जी लहान मुले नियमांना देवाची आज्ञा मानीत, तीच प्रत्यक्ष खेळात आपापल्या मनाप्रमाणे वाटेल तशी खेळत आणि आपण नियम मोडतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. नियम आपणच केलेले आहेत हे समजलेली मोठी मुले ते काटेकोर पाळीत. शिक्षक म्हणून मी हे रोज पाहतो. प्रौढ माणसांतही पाहतो.

याच ग्रंथातील दुसरा प्रयोग तितकाच बोलका आहे. एका मुलाने दार उघडताना, दारामागे काय आहे हे ठाऊक नसताना, पंधरा कप फुटले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एक कप फोडला. अधिक दोषी कोण? लहान मुले म्हणत, पंधरा कप फोडणारा. हेतू दिसत नाही, कप मोजता येतात. अक्षरही असेच मोजता येते. त्यामागील हेतू शोधावा लागतो आणि शोधताना चूक होऊ शकते. ज्या मनाला चुकण्याची धास्ती फार, ते मोजता येणाऱ्या वस्तूकडे वळते. एल्स फ्रेंकेल-ब्रुन्स्विक या विदुषींनी 1949 साली संदिग्धता सहन न होणे हा स्वभावाचाच एक विशेष म्हणून मांडला. अशा मनाला ‘हेही आणि तेही’ चालत नाही. काळे की पांढरे ते लवकर ठरले पाहिजे. त्या स्वतः यहुदी होत्या आणि हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यांना देश सोडावा लागला होता. असे मन काय करू शकते हे त्यांनी केवळ प्रयोगशाळेत पाहिले नव्हते.

आता न्यायमंदिरात येऊ. इंग्लंडात 1868 साली एक खटला झाला. मतदानाचा हक्क असलेल्या व्यक्तीचे सोंग घेऊन मत देणे हा गुन्हा, असे कायद्याचे शब्द होते. आरोपीने एका मृत मतदाराच्या नावावर मत दिले. न्यायालयाने त्याला सोडले. का, तर मृत मनुष्याला मतदानाचा हक्क नसतो, तेव्हा हक्क असलेल्या व्यक्तीचे सोंग घेतले असे म्हणता येत नाही! हा निकाल वाचून आमचे वकील मित्र अजूनही हसतात.

परंतु आपल्या देशात अशाच वाचनातून जे घडले, त्यावर हसता येत नाही. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे, कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. 1950 साली कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातील बहुमताने या शब्दांचा अर्थ जसाच्या तसा घेतला: विधिमंडळाने कायदा केला, त्यात कार्यपद्धती आहे, ती पाळली गेली, संपले. ती कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे. न्यायमूर्ती फझल अली यांनी भिन्न मत नोंदविले. या वाचनाची पुढली पायरी 1976 साली, आणीबाणीत आली. एकविसावे कलम न्यायालयात बजावण्याचा हक्क स्थगित झाला आहे, तेव्हा बेकायदा अटक झाली तरी अटकेतील मनुष्य न्यायालयाचे दार ठोठावू शकत नाही, असे पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना विरुद्ध गेले. त्यांची ज्येष्ठता डावलून पुढे दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. कार्यपद्धती न्याय्य, योग्य आणि वाजवी असली पाहिजे, हे 1978 साली मनेका गांधी यांच्या खटल्यात मान्य झाले. 1976 चा निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने 2017 साली उघड म्हटले. घटनेच्या कलमातील एकही अक्षर या काळात बदलले नव्हते.

ते चार न्यायमूर्ती अज्ञ नव्हते. कायद्याची अक्षरे त्यांच्याइतकी कोणास ठाऊक होती? काळ भीतीचा होता, आणि अशा काळी अक्षर म्हणजे एक फार सोयीचा आडोसा असतो. त्यांच्या अंतःकरणात मी शिरू शकत नाही. मला माझ्या फाटकाची आठवण होते, इतकेच.

धर्मग्रंथांच्या बाबतीत हे सारे अधिक तीव्र होते, कारण तेथे शब्द देवाचा असतो. मी कॅथलिक आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या घरात डोकावण्यापेक्षा माझ्याच घरातील गोष्टी सांगितलेल्या बऱ्या.

आमच्या बायबलात मक्काबींचे पुस्तक आहे. ख्रिस्तपूर्व 167 च्या सुमारास अंतियोखस राजाने यहुदी धर्म बुडविण्याचा चंग बांधला, तेव्हा कित्येक धर्मनिष्ठ लोक बायकामुलांसह रानात जाऊन राहिले. राजाच्या सैन्याने त्यांना शब्बाथाच्या दिवशी गाठले. शब्बाथाला काम करावयाचे नाही, ही आज्ञा. लढणे हेही कामच. त्यांनी दगड उचलला नाही, गुहांची तोंडेही बुजविली नाहीत, आणि सुमारे हजार माणसे मारली गेली. ही वार्ता मत्तथियाह आणि त्याचे साथी यांना कळली तेव्हा ते फार रडले. मग त्यांनी आपसांत विचार केला, की आपण सर्वच असे वागलो तर शब्बाथ पाळावयास पृथ्वीवर कोणी उरणार नाही. कोणी शब्बाथाला चालून आले तर लढावे, असे त्यांनी ठरविले. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूस ठेवावा, हा दंडक पुढे यहुदी धर्मशास्त्रानेच दृढ केला. ही कथा मी मुलांना सांगतो तेव्हा मेलेल्यांना हसू देत नाही. ते आपल्या श्रद्धेसाठी स्वतः मेले. आणि त्यांच्यासाठी रडलेल्या माणसांनीच पुढे नियमाचा अर्थ बदलला, हेही सांगतो.

गॅलिलिओचे प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य गिबोनावर थांबला असे म्हटले आहे. जो थांबतो तो चालत असला पाहिजे, म्हणून पृथ्वी फिरते हे मत 1616 साली निषिद्ध ठरले आणि 1633 साली वृद्ध गॅलिलिओला गुडघे टेकून ते नाकारावे लागले. पण त्या आधी बाराशे वर्षे संत ऑगस्टीनने बजावून ठेवले होते, की आकाश, तारे, ग्रहणे यांविषयी ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन भलतेच बोलू नये, कारण जाणते लोक ते ऐकून आपल्या खऱ्या श्रद्धेलाही हसतील. ऑगस्टीन चर्चला पूज्य होता. मग त्याचे का ऐकले नाही? कारण मधल्या काळात प्रॉटेस्टंट बंड झाले होते. जो तो आपापल्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावतो आहे या भयाने ट्रेंटच्या परिषदेने 1546 साली धर्मपितरांच्या एकमुखी अर्थाविरुद्ध अर्थ लावण्यास मनाई केली. घराला हादरे बसू लागले की माणूस हाताला लागेल तो खांब घट्ट धरतो, तो कोणत्या लाकडाचा आहे हे पाहत नाही. चर्चने त्या वेळी अक्षराचा खांब धरला. कार्डिनल बेलार्मिन यांनी 1615 च्या एका पत्रात लिहिले होते, की पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर शास्त्रवचनांचा अर्थ पुन्हा काळजीपूर्वक पाहावा लागेल. म्हणजे दार त्यांनाही दिसत होते. ते उघडण्याचे धैर्य झाले नाही. त्या वेळच्या न्यायाधीशांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली सांगितले.

प्रॉटेस्टंट बाजूस हीच कथा अमेरिकेत निराळ्या वेषात घडली. तेथे 1910 ते 1915 या वर्षांत धर्माच्या मूलतत्त्वांविषयी पुस्तिकांची एक माला निघाली आणि तिच्यावरूनच मूलतत्त्ववाद हे नाव पडले. त्याच सुमारास टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात जॉर्ज हेन्स्ली नावाचा उपदेशक जिवंत विषारी साप हातात धरून प्रार्थना चालवू लागला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस, विश्वास धरणारे सर्प उचलतील असे म्हटले आहे. त्याने ते अक्षरशः घेतले. 1955 साली फ्लॉरिडात त्याला साप चावला. त्याने वैद्य आणू दिला नाही आणि तो मरण पावला. मार्कच्या ग्रंथाचा तो शेवटचा भाग सर्वांत जुन्या दोन ग्रीक हस्तलिखितांत मुळी आढळतच नाही. डोंगरातील त्या माणसाला हे कोणी सांगितले असते, तरी त्याने साप खाली ठेवला असता असे मला वाटत नाही. ज्यांच्याजवळ जमीन नाही, विद्या नाही, शहरातील चर्चमध्ये मान नाही, अशा खाणकामगारांना आणि शेतमजुरांना त्या सापाने एक गोष्ट दिली होती: देवाने आपल्याशी सरळ, आपल्याला कळेल अशा शब्दांत बोलणे. पंडित मध्ये आला की तो शब्द पुन्हा पंडिताचा होतो.

आणि येथे मला अक्षरनिष्ठांची बाजू घेणे भाग आहे. ‘हेतू पाहा, अक्षर सोडा’ हे सांगणारा नेहमी सज्जनच असतो असे नाही. हेतू काय हे कोण सांगणार? बहुधा बलवान सांगतो. कुळाच्या हाती पावती असली, तर तिच्यावर काय लिहिले आहे यावरच त्याची जमीन टिकते. सावकाराचा हेतू काय होता यावर टिकत नाही. केरळात 1985 साली एका शाळेतील तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मग्रंथाचे शब्द कडक अर्थाने घेऊन गात नसत. राष्ट्रगीतात त्यांच्या धर्माला बाध येईल असे काही नाही, असे उच्च न्यायालय म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली विचारले, की कायद्यात ‘गायलेच पाहिजे’ असे कोठे लिहिले आहे? तसे कोठेही लिहिलेले नव्हते. मुले परत शाळेत घेण्याचा हुकूम झाला. त्या मुलांची अक्षरनिष्ठा कायद्याच्या अक्षराने वाचविली.

असिसीचा संत फ्रान्सिस हाही एका अर्थी अक्षरनिष्ठच. पडक्या देवळात त्याला ‘माझे घर दुरुस्त कर’ अशी वाणी ऐकू आली, तेव्हा तो खरोखरच दगड-चुना गोळा करून भिंत बांधू लागला. प्रवासाला पैसा, जोडे, काठी घेऊ नका हे वचन मिस्सामध्ये ऐकताच त्याने जोडे आणि काठी टाकून दिली. हेन्स्लीने आपला जीव दिला, फ्रान्सिसने आपले जोडे दिले. दोघांनीही शब्द प्रथम स्वतःवर लागू केला. माझी खरी तक्रार ज्यांच्याविषयी आहे ते निराळे. उजवा हात पापाला कारण होत असेल तर तो तोडून टाकावा, असे आमच्या शुभवर्तमानात आहे. दोन हजार वर्षांत हात तोडलेले ख्रिस्ती मला कोठे दिसत नाहीत. त्या ठिकाणी आम्हाला अलंकार लगेच समजतो. शेजाऱ्याचे वर्तन, स्त्रियांचा पोशाख, दुसऱ्या पंथाचा नरकवास यांविषयीची वाक्ये आली, की तेच आम्ही एकाएकी अक्षराचे कैवारी होतो. गोट्या खेळणारी पियाजेची मुले हीच. कोणते वाक्य अक्षरशः घ्यायचे याची निवड आधी झालेली असते आणि ती निवड ग्रंथ करीत नाही.

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ व्हिन्सेंट क्रॅपान्झानो यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तेथील मूलतत्त्ववादी उपदेशक आणि राज्यघटनेच्या शब्दांना चिकटून राहणारे न्यायमूर्ती यांना शेजारी शेजारी बसविले आहे. ग्रंथ निराळे असले, तरी दोघांना पाहिजे असलेली वस्तू एकच: मूळ अर्थ, कायमचा, ज्यावर पुन्हा कोणी बोलणार नाही. व्हॅटिकनच्या बायबल आयोगानेही 1993 साली मूलतत्त्ववादी वाचनावर टीका करताना हेच हेरले, की जीवनातील प्रश्नांना तयार उत्तरे शोधणाऱ्यांना ते वाचन ओढून घेते. तयार उत्तर हवेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. घरात आजार असता, नोकरी गेली असता, मुले परमुलखात असता मलाही ते हवे असते.

आमच्या मराठीला या बाबतीत एक भाग्य लाभले आहे. 1579 साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली. ते ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले. म्हणजे ज्या वर्षी रोममध्ये सूर्य अक्षरशः थांबविला जात होता, त्याच वर्षी सासष्टीत एक पाद्री स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणत होता! अक्षर धरले असते तर त्याला तो शब्द वापरता आला नसता. ऐकणारा कोण आहे, त्याला कोणत्या शब्दाने आतून हलेल, हे त्याने पाहिले.

राहिली माझ्या फाटकातील गोष्ट. तो मुलगा दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. पण त्यानंतर ज्या सकाळी पूल पाण्याखाली असे, त्या दिवशी तो घरून निघतच नसे. उशीर होणार, मग कशाला जावे? नियम त्याने माझ्याहून चोख पाळला. त्या वर्षी पाऊस नवरात्रापर्यंत लांबला. हजेरी कमी भरली, आणि नवव्या इयत्तेत त्याचे नाव पटावर नव्हते. आता तो तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हात चांगला आहे, मालकाचा त्याच्यावर विश्वास आहे. दोन वर्षांपूर्वी माझी स्कूटर वाटेत बंद पडली, ती त्याने दुरुस्त केली आणि पैसे घेतले नाहीत. मी भीत भीत विचारले, ‘त्या दिवशी ओढ्याला पाणी आहे हे मला सांगितले का नाहीस?’

तो कापडाने हात पुसत होता. म्हणाला, ‘फळ्यावर लिहिल्यालं होतं न्हवं, सर.’